गाण्यात आधी बुडालेलं जहाज

धृपद नाही, प्रेम नाही, लांबी साडेसहा मिनिटं, आणि विषय काय, तर खनिज वाहणाऱ्या एका मालवाहू जहाजाचं बुडणं. एवढ्या भांडवलावर गॉर्डन लाइटफूट या कॅनडियन गायकाचं 'द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड' हे गाणं १९७६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्या क्रमांकावर रॉड स्टुअर्ट होता. त्याचं गाणं अर्थातच शेजघरातलं होतं.

फोक-रॉकमधलं हे बॅलड ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती कुठल्या तरी जुन्या शतकातली दंतकथा वाटते. प्रत्यक्षात गाणं यादीत वर चढत होतं तेव्हा घटनेला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दिवसाची रेडिओवरची बोलणी, हवामान खात्याचे इशारे, दुसऱ्या जहाजाच्या नोंदी, सगळं चौकशीत नोंदलं गेलं आहे. म्हणजे गाणं आणि नोंदी शेजारी ठेवून घड्याळ लावता येतं. दोन्ही कुठे जुळतात आणि कुठे फारकत घेतात, हे बघण्यासारखं आहे. खालच्या वेळा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या प्रमाणवेळेनुसार आहेत.

९ नोव्हेंबर १९७५, रविवार. दुपारी २:१५

विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरात बर्लिंग्टन नॉर्दर्नच्या धक्क्यावरून एडमंड फिट्झजेराल्ड निघालं. पोटात २६,११६ टन टॅकोनाइट, म्हणजे कमी प्रतीच्या लोहखनिजापासून बनवलेल्या गोट्या. जहाजावर २९ माणसं. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली ६३ वर्षांचे. हा हंगाम संपला की ते निवृत्त होणार होते.

इथेच गाण्याची पहिली चूक. गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघालं आहे. खरं तर ते डेट्रॉइटजवळच्या झग आयलंडवरच्या पोलाद कारखान्याकडे निघालं होतं. क्लीव्हलंडमध्ये होतं ते जहाज चालवणाऱ्या ऑगलबे नॉर्टन कंपनीचं कार्यालय. मालाचा आकडा मात्र लाइटफूटने जवळजवळ अचूक दिला आहे.

जहाजाचं मूळही गमतीचं. मालकी कुठल्या जहाज कंपनीची नव्हती, मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीची होती. गुंतवणूक म्हणून तिने ७२९ फुटांचं जहाज बांधून घेतलं आणि त्याला आपल्याच अध्यक्षाचं नाव दिलं. ७ जून १९५८ ला ते पाण्यात उतरलं तेव्हा पंचमहासरोवरांवर त्याच्याएवढं मोठं दुसरं नव्हतं. त्या समारंभात शॅम्पेनची बाटली फुटायला अध्यक्षांच्या पत्नीला तीन फटके मारावे लागले, आणि पाहायला आलेल्या एका माणसाचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. अपशकुन शोधणाऱ्यांना हे पुरेसं असतं. मला त्यापेक्षा पीटर पल्सर हे आधीचे कप्तान जास्त आवडतात. डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर नद्यांतून जाताना ते जहाजाच्या ध्वनिक्षेपकावर गाणी लावायचे, आणि सू लॉक्स या जलद्वारांपाशी जमलेल्या बघ्यांना भोंग्यावरून जहाजाची माहिती द्यायचे. लोक त्यांना डीजे कप्तान म्हणत. पुढे हे जहाज स्वतःच गाणं होणार होतं, हे तेव्हा कुणाला सुचायचंही कारण नव्हतं.

दुपारी ४:३० ते संध्याकाळी ७

मिनेसोटाच्या टू हार्बर्सहून निघालेलं आर्थर एम. अँडरसन हे जहाज नजरेच्या टप्प्यात आलं. तेही खनिजच नेत होतं, इंडियानातल्या गॅरीला. त्याचे कप्तान जेसी कूपर. सगळे त्यांना बर्नी म्हणत. दोन्ही जहाजांचा बराचसा रस्ता एकच होता. सात वाजता हवामान खात्याने लेक सुपीरियरवर झंझावाताचा इशारा दिला. नोव्हेंबरात असे इशारे नेहमीचेच. कुणी माघारी वळलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. मध्यरात्र उलटून १ ते २

एक वाजता फिट्झजेराल्डने वाऱ्याचा वेग कळवला: ५२ नॉट, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर. लाटा दहा फुटी. दोन वाजता खात्याने इशाऱ्याची पातळी वाढवली; आता झंझावात नाही, वादळ. मॅकसॉर्ली आणि कूपर रेडिओवर बोलले आणि दोघांनी मिळून नेहमीची दक्षिणेची वाट सोडली. वारा ईशान्येकडून येत होता. उत्तरेला कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाने गेलं तर लाटा कमी लागतील, हा हिशेब. तो बरोबरही होता. पण वारा ईशान्येचाच राहिला तर.

सकाळी ७

वारा ३५ नॉटवर उतरला. फिट्झजेराल्डने पाठवलेली ही शेवटची हवामान नोंद.

दुपारी २:४५

वादळाचा मध्य डोक्यावरून सरकला आणि वारा फिरून वायव्येचा झाला. याचा अर्थ काय, हे कळायला सरोवराचा आकार लक्षात घ्यावा लागतो. लेक सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथाईहून अधिक. वायव्येच्या वाऱ्याला या सगळ्या पाण्यावरून धावत यायला मोकळं रान मिळतं, आणि जितकी धाव लांब तितकी लाट मोठी. दोन्ही जहाजं आता आग्नेयेला, व्हाइटफिश पॉइंट या भूशिराकडे वळली होती. आडोसा संपला होता. लाटा मागून, तिरक्या येऊ लागल्या.

बर्फ पडू लागला. पंधरा-सोळा मैल पुढे असलेलं फिट्झजेराल्ड अँडरसनवरून दिसेनासं झालं. त्यानंतर त्याला कुणीच डोळ्यांनी पाहिलं नाही. राहिला तो रडारवरचा ठिपका.

३:२० ते ३:३०

कॅरिबू बेटाच्या उत्तरेला पाण्याखाली खडकाळ उथळा आहे, सिक्स फॅदम शोल. रडारवर फिट्झजेराल्ड त्याच्या बाजूने जाताना दिसलं. आपलं जहाज मी इतक्या जवळून नेणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी कूपर आपल्या मेटला म्हणाले.

थोड्याच वेळात रेडिओवर मॅकसॉर्ली. डेकचा कठडा तुटलाय, टाक्यांचे दोन व्हेंट गेलेत किंवा मोडलेत, जहाज एका बाजूला कललंय. मी वेग कमी करतोय, व्हाइटफिशपर्यंत माझ्यासोबत राहाल का?

कूपर म्हणाले, राहतो. पंप चालू आहेत का?

हो, दोन्ही.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात जड संवाद हा आहे, पुढे येणारा सात वाजून दहा मिनिटांचा शेवटचा नव्हे. चाळीसहून अधिक वर्षं पाण्यावर काढलेला कप्तान दुसऱ्याला सोबत राहायला सांगतो, तेव्हा त्याला काय कळलेलं असतं? व्हेंट मोडणं ही वरची जखम. पण जहाज कलतं ते आत पाणी शिरल्यावर. आणि डेकवरचा तारेचा कठडा तुटायला नुसती लाट पुरत नाही, सांगाडा वाकावा लागतो, असं मानणारे तज्ज्ञ आहेत. जहाज उथळ्यावर घासलं असावं, असं कूपर यांचं अखेरपर्यंत मत होतं. १९७६ मध्ये कॅनडाने तिथला तळ पुन्हा मोजला, तेव्हा उथळा नकाशात दाखवल्यापेक्षा मैलभर पूर्वेला पसरलेला निघाला. फिट्झजेराल्डवर खोली मोजणारं विद्युत् यंत्र नव्हतंच. तेव्हा ते सक्तीचं नव्हतं. वजनाला दोरी बांधून खोली मोजायची सोय होती, पण त्या हवेत डेकवर कोण जाणार?

४:१०

मॅकसॉर्लींनी पुन्हा बोलावलं. दोन्ही रडार बंद पडलेत, तुम्ही माझ्यावर नजर ठेवून मला दिशा सांगा. अँडरसनला जवळ येऊ द्यावं म्हणून जहाज आणखी हळू केलं. आंधळ्याने काठी धरावी तसं ७२९ फुटी जहाज आता मागच्या जहाजाच्या आवाजावर चाललं.

त्यांनी तटरक्षक दलाला विचारलं, व्हाइटफिश पॉइंटचा रेडिओ बीकन चालू आहे का? नव्हता. वादळाने तिथली वीज गेली होती.

पाचच्या पुढे

समोरून येणाऱ्या आव्हाफोर्स या स्वीडिश जहाजाच्या वाटाड्यालाही मॅकसॉर्लींनी हेच विचारलं. बोलता बोलता त्यांचा आवाज बाजूला वळला. कुणालाही डेकवर जाऊ देऊ नका, असं ते आपल्या माणसांना दरडावून सांगत होते. माइक चालूच होता. मग परत येऊन त्यांनी सांगितलं: जहाज वाईट कललंय, दोन्ही रडार गेलीत, डेकवर पाणी चढतंय, आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात वाईट समुद्रांपैकी हा एक.

सरोवराला ते समुद्र म्हणत होते. तिथले खलाशी लाटांना तसंच म्हणतात.

गाण्यात याच सुमाराला आचारी डेकवर येतो आणि आज जेवण देता येणार नाही, असं सांगतो. हा आचारी लाइटफूटच्या कल्पनेतला. जहाजाच्या आत कोण कुणाशी काय बोललं, हे सांगायला कुणी उरलं नाही. पण नेहमीचा आचारी त्या खेपेला नव्हता, हे खरं आहे. तो अल्सरने आजारी होता, म्हणून वाचला. त्याच्या जागी दुसरा आला होता.

६:५५

अँडरसनच्या पाठीवर एक लाट कोसळली. जहाजाने अंग झटकून डोकं वर काढलं तोच दुसरी, त्याहून उंच. कूपर सुकाणूच्या खोलीत, पाण्यापासून ३५ फूट उंचीवर उभे होते आणि दुसरी लाट तिथवर पोचली. दोन्ही लाटा पुढे गेल्या, फिट्झजेराल्डच्या दिशेने. पुढे कूपर म्हणत, त्याच दोन लाटांनी त्याला नेलं असेल.

इथे एक आकडा महत्त्वाचा. मालाने भरलेल्या फिट्झजेराल्डचं डेक शांत पाण्यावरही फक्त साडेअकरा फूट वर राहत होतं. जहाज बांधलं तेव्हाच्या नियमाने ते याहून वर असायला हवं होतं. १९६९ ते १९७३ या काळात नियम तीनदा सैल झाले आणि एकंदर सव्वातीन फूट उंची गेली. तेवढा माल जास्त बसला.

७:००

गाण्यात या क्षणी मुख्य हॅच, म्हणजे डेकवरचं माल भरायचं झाकलेलं तोंड, कोसळतं, आणि आचारी सगळ्यांचा निरोप घेतो.

७:१०

नोंदींत या क्षणी संभाषण चालू आहे. अँडरसनचे मेट मॉर्गन क्लार्क सांगतात: तुमच्या पुढे नऊ मैलांवर एक जहाज आहे. मॅकसॉर्ली विचारतात, मी त्याला चुकवून जाईन ना? हो, ते पश्चिमेकडून जाईल. बरं.

आणि ठेवता ठेवता क्लार्क विचारतात, तुमच्या त्या अडचणीचं कसं काय चाललंय?

मॅकसॉर्ली म्हणाले, आम्ही तग धरून आहोत.

गाण्याने जहाज दहा मिनिटं आधीच बुडवलं. नोंदींत निरोप नाही, वायरलेसवर पाणी शिरल्याचा आक्रोश नाही. शेवटचं वाक्य कामाच्या स्वरात बोललेलं. हे गाण्यात नाही आणि असतं तर गाणं जास्त भयंकर झालं असतं, असं मला वाटतं. लाइटफूटला तेव्हा हे ठाऊक नसावं. त्याच्या हातात वर्तमानपत्रं आणि एक साप्ताहिक होतं, चौकशीच्या नोंदी नव्हत्या.

७:१५ ते ७:२५

हिमवर्षाव दाट झाला. अँडरसनच्या रडारवर पडद्याचा मधला भाग पांढरा पडला आणि फिट्झजेराल्डचा ठिपका त्यात विरला. काही मिनिटांनी बर्फ एकदम थांबला, हवा स्वच्छ झाली. सतरा-अठरा मैलांवरच्या तीन परदेशी जहाजांचे दिवे लख्ख दिसले. नऊ-दहा मैलांवर असायला हवं होतं त्याचा दिवा दिसेना. रडारवरही काही नाही. संकटाचा संदेश आलेलाच नव्हता.

याच दहा मिनिटांत केव्हातरी. मिनिट कुणाला लावता आलेलं नाही.

७:३९ ते ९:००

कूपर यांनी सू इथल्या तटरक्षक दलाला बोलावलं. तिकडून त्यांनाच सांगण्यात आलं की सोळा फुटांची एक छोटी होडी हरवली आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा. साडेआठच्या सुमाराला कूपर पुन्हा बोलले आणि या वेळी स्पष्ट बोलले: मला फिट्झजेराल्डची फार काळजी वाटते, ना दिवे दिसत, ना रडारवर आहे, त्याने तळाला सूर मारला नसला म्हणजे मिळवली.

तोवर अँडरसन व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला पोचत होतं. नऊ वाजता तटरक्षक दलाने विनंती केली: मागे फिरून शोधाल का? त्यांच्याकडे त्या हवेत जाऊ शकेल असं जवळ काही नव्हतं. मोठी बोट वूडरश दूर डुलुथला होती. ती पोचायला चोवीस तास लागले. कूपर यांनी लाटांचा मार खायची भीती लपवली नाही आणि जहाज वळवलं. विल्यम क्ले फोर्ड हे दुसरं जहाजही नांगर उचलून निघालं. गाण्यात या वळण्याला कडवं नाही. मला विचाराल तर लाइटफूटने सोडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही.

सापडलं काय? फाटलेल्या दोन जीवनरक्षक होड्या, तराफे, थोडं सामान. माणूस एकही नाही. व्हाइटफिश पॉइंट तिथून सतरा मैल होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चमध्ये रेव्हरंड रिचर्ड इंगल्स यांनी घंटा वाजवली, २९ वेळा. हा प्रसंग गाण्यात जसाच्या तसा आला, चर्चचं नाव तेवढं लाइटफूटने छंदासाठी वाढवून घेतलं आणि सभागृहाला कुबट म्हणून टाकलं. पुढे तो स्वतः त्या चर्चमध्ये गेला. वास्तू अजिबात कुबट नाही, हे कळल्यावर रंगमंचावर गाताना त्याने शब्द बदलला. १ मे २०२३ ला तो वारला, तेव्हा त्या चर्चने घंटेचे तीस टोले दिले.

२४ नोव्हेंबर आणि पुढचे महिने

न्यूजवीक साप्ताहिकाच्या अंकात बातमीलेख आला. लाइटफूटला सुरुवात त्यात सापडली: सरोवर आपले मृत परत देत नाही, ही तिथल्या मूळ रहिवाशांची समजूत. तो स्वतः या पाण्यांवर शिडाची होडी चालवायचा, त्यामुळे वाऱ्याची भाषा त्याला शिकवावी लागली नाही. चाल मात्र जुन्या आयरिश सुरावटीवरून डोक्यात राहिलेली, असं त्याने सांगितलं आहे. ती पुन्हा आयर्लंडला गेली: उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात बॉबी सँड्झ या कैद्याने तिच्यावर हद्दपार कैद्यांचं गीत रचलं.

टोरंटोच्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा वादकांची नीट तालीम झालेली नव्हती. ड्रमवर बॅरी कीन होता. त्याने विचारलं, मी कधी सुरू करू? लाइटफूट म्हणाला, मी मान हलवीन. काही कडवी झाल्यावर मान हलली आणि ड्रम सुरू झाले. आज आपण ऐकतो ती तीच पहिली खेप.

२० मे १९७६

अमेरिकी नौदलाचं कर्व्ह-३ हे दूरनियंत्रित यान ५३० फूट खाली उतरलं आणि कॅमेऱ्यासमोर जहाजाचं नाव आलं, उलटं. मागचा भाग पालथा पडला होता, पुढचा १७० फुटांवर सरळ उभा. ऑगस्टमध्ये गाणं एकल तबकडी म्हणून निघालं.

१९७७ आणि १९७८

तटरक्षक दलाच्या अहवालाने ठपका हॅचवर ठेवला. जहाजाला एकवीस हॅच, प्रत्येकाच्या पोलादी झाकणाला ६८ पकडी. पाण्याखालच्या चित्रांत बऱ्याचशा पकडी न मोडलेल्या दिसल्या. म्हणजे त्या आवळलेल्याच नव्हत्या, त्यातून पाणी शिरत राहिलं, असा तर्क. जहाजमालकांच्या संघटनेला तो मान्य नव्हता. त्यांचं बोट उथळ्याकडे. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तिसरं सांगितलं: झाकणच लाटेखाली दबून कोसळलं. गाण्याला नकळत या मंडळाचा पाठिंबा मिळाला, फक्त गाणं दोन वर्षं आधी लिहून झालं होतं.

नियम यातून बदलले: खोली मोजणारी यंत्रं, थंड पाण्यात जीव तगवणारे पोशाख, आपोआप संकेत देणारे बीकन. त्यानंतर पंचमहासरोवरांवर असं मोठं मालवाहू जहाज बुडालेलं नाही.

पण पकडी आवळायचं काम ज्यांचं, त्यांच्या घरच्यांनी काय करायचं? रेडिओ लावला की आपल्या मुलाच्या हाताखालचं हॅच कोसळलं, हे गाणं वर्षानुवर्षं सांगत होतं.

२०१०

एका माहितीपटात प्रयोग करून दाखवलं की माणसांच्या हलगर्जीपणाची गरज नाही. राक्षसी लाट एकटी पुरते. लाइटफूटने ते पाहिलं आणि सात वाजताचं हॅच गाण्यातून काढलं. त्या जागी अंधार पडल्याचे शब्द घातले. पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत तो तसंच गायला. छापील गीत आणि तबकडी त्याने बदलली नाही; तिथे हॅच अजून सातलाच कोसळतं. तटरक्षक दलाचा अहवालही १९७७ चाच आहे.